चमचाभर विरजण

मला दही लावता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टरेट, अन्नातून होणाऱ्या संसर्गांवर बावीस वर्षं काम, आणि घरचं दही म्हणाल तर कधी पाणीदार, कधी आंबटढाण. शेजारच्या पद्मजावहिनी चौगुले म्हणायच्या, "हेमा, लॅबमधले जंतू तुझं ऐकत असतील, घरातले ऐकत नाहीत." मी हसायचे, पण मनातून मला ते लागायचं.

पद्मजावहिनींचं दही म्हणजे सुरीनं वड्या पाडाव्यात असं. विश्रामबागेतल्या आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन त्यांच्याच दारात. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा आणि सून दोघंही हैदराबादला नोकरीला, म्हणून चार वर्षांची नात रेवा त्यांच्याकडे. ती मला लॅबमावशी म्हणायची आणि माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात चिंचोके भरून ठेवायची. मला मूल नाही. त्या पोरीनं माझं घर कधी ताब्यात घेतलं ते मला कळलंसुद्धा नाही.

२०३८ च्या उन्हाळ्यात सांगलीचा पारा सलग अकरा दिवस पंचेचाळीसच्या वर होता. दुपारी चार-चार तास वीज नसायची आणि फ्रिजमधलं अन्न आतल्या आत नासायचं. दुधाच्या पिशवीवर दूध नासलं की रंग बदलणारा ठिपका आला होता, शहराच्या गटारांत सांडपाण्यातले जंतू दर तासाला वाचणारी यंत्रं बसली होती. कुठल्या प्रभागात कुठला संसर्ग वाढतोय ते आम्हाला प्रयोगशाळेत बसून दिसायचं. दिसायचं तेवढंच. लोक आजारी पडायचे ते पडायचेच. म्हणून आम्ही राखणदार बनवला.

राखणदार म्हणजे दह्यातलाच एक साधा जिवाणू. त्याला आम्ही दोन कामं शिकवली होती. साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू आपसांत जे रासायनिक निरोप धाडतात ते ओळखायचे आणि निरोप कळला की त्या जंतूंचं कवच फोडणारं एक प्रथिन सोडायचं. वाटीभर दही खाल्लं की तो तीन आठवडे आतड्यात पहारा देतो, मग शरीर त्याला बाहेर टाकतं. असा बदललेला जीव मोकाट सोडता येत नाही, म्हणून आम्ही त्याला कुलूपही घातलं होतं. त्याला जगायला एक पोषकद्रव्य लागायचं, जे दुधात नसतं आणि त्याला स्वतःला बनवता येत नाही. ते आम्ही पुडीतून द्यायचो. दुधात पुडी टाकली तर तो वाढणार, नाही टाकली तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या दह्यात मरून जाणार. निर्जंतुक दुधात आम्ही हे दोनशे वेळा करून पाहिलं होतं. दोनशेही वेळा तो मेला.

चाचणीसाठी चाळीस घरं निवडली होती. पाच वर्षांखालचं मूल असलेलं घर घ्यायचं नाही असा कडक नियम होता. संशोधकाचं स्वतःचं घरही चालत नव्हतं. तरी एका शनिवारी मी राखणदाराचं थोडं विरजण डब्यात घालून घरी आणलं. का आणलं, तर त्याचं दही फार सुंदर लागायचं. माझ्या हातून एकदा तरी तसं दही लागावं एवढीच हौस होती. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी पद्मजावहिनी स्टीलची वाटी घेऊन दारात उभ्या.

"तिन्हीसांजेला विरजण मागू नये, म्हणून पळत आले बघ," त्या म्हणाल्या. "या उकाड्यानं माझ्या दह्याला तार सुटली गं. सगळं ओतून दिलं. तुझ्याकडं असलं तर चमचाभर दे. तुझंच मागायची वेळ आली माझ्यावर."

मी फ्रिज उघडून पातेलं ओट्यावर ठेवलं. त्यांनी ते तिरकं करून पाहिलं. दही जागचं हललं नाही.

"हे तू लावलंस?"

"मग कोण येणार लावायला?"

"विकतचं ओतलंस पातेल्यात."

"वहिनी, आईशप्पथ मी लावलंय."

त्यांनी करंगळीनं चाखलं. माझ्याकडे असं काही पाहिलं की बावीस वर्षांतला एकही शोधनिबंध मला तेवढा आनंद देऊन गेला नव्हता. "शिकलीस की गं," त्या म्हणाल्या आणि वाटी पुढं केली.

माझा हात क्षणभर थांबला, हे मी नाकारत नाही. त्या घरात चार वर्षांचं मूल आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पुडीशिवाय तो दोन विरजणांत मरणार होता. आणि दारात वाटी घेऊन आलेल्या शेजारणीला विरजण नाही म्हणून कसं सांगायचं, तेही समोर पातेलंभर दही असताना? मी चमचाभर दिलं. चांगला मोठा चमचा भरून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून रीतीप्रमाणे त्याच वाटीतून शेंगदाण्याची चटणी आली. मी ती भाकरीबरोबर खाल्ली आणि विषय विसरले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी नऊ वाजता वहिनींचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"हेमा, रेवाला ॲडमिट केलंय. परवापासून जुलाब होते, काल त्यात रक्त दिसलं. आणि रात्रीपासून तिला लघवीच झाली नाही गं."

लघवी थांबली म्हणजे मूत्रपिंडांवर आलं. साध्या जुलाबात पाणी कमी पडलं म्हणूनही लघवी थांबते, असं स्वतःला सांगत मी मिरजेच्या दवाखान्यात पोचले. रेवा पलंगावर होती. तोंडावर सूज, ओठ पांढरेफटक. तिनं मला पाहिलं आणि काहीच बोलली नाही. ही पोरगी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

तिच्यावर उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सानिया मुजावर मला कामामुळे ओळखत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तीन आठवड्यांत हे अकरावं मूल आहे. सगळी पाच वर्षांखालची. रक्ती आव धरून मी अँटिबायोटिक सुरू केलंय. पण मूत्रपिंडं बंद पडताहेत आणि का ते मला कळत नाही. हिनं उसाचा रस प्यायला होता, घरातल्या मोठ्यांनीही तोच प्यायला. मोठ्यांना साधं पोट बिघडण्यापलीकडं काही नाही. जंतू सापडतोय तो ई. कोलायचा इतका मवाळ प्रकार आहे की मूल चार दिवसांत खेळायला लागायला हवं."

मी रेवाच्या शौचाचा नमुना घेतला आणि प्रयोगशाळा गाठली. आमच्याकडे तपासपट्ट्या असायच्या. नमुन्याचा थेंब टाकायचा, फोन वर धरायचा, चार मिनिटांत त्यातल्या जंतूंची यादी. ई. कोलाय दिसला, अपेक्षेप्रमाणे. त्याच्या खालच्या ओळीत राखणदार होता. थोडाथोडका नव्हे. तिचं आतडं त्यानं भरलेलं होतं.

घड्याळात अकरा वाजले होते. मी खुर्ची ओढून बसले.

काय झालं असणार ते मला एका दमात कळलं. त्या मवाळ ई. कोलायच्या पोटात एक विष असतं. एरवी तो ते थेंबाथेंबानं सोडतो आणि शरीर ते पचवून टाकतं. पण कुणी त्याच्यावर हल्ला केला, तर मरता मरता तो विष बनवायचा वेग शेकडो पटींनी वाढवतो आणि फुटताना सगळं एकदम ओततो. ते रक्तातून जाऊन मूत्रपिंडांच्या बारीक नळ्यांत बसतं. मोठी माणसं त्यातून निभावतात, लहान मुलं निभावत नाहीत. आमचा राखणदार तेच करत होता. जंतू दिसला की फोडत होता, इमानेइतबारे. आणि डॉ. मुजावरांचं अँटिबायोटिकही तेच करणार होतं, वरून.

पण तो जिवंत कसा राहिला? कुलूप होतं ना? तेही उत्तर मला बसल्या जागी मिळालं आणि स्वतःची लाज वाटली. आम्ही त्याला निर्जंतुक दुधात तपासलं, एकटा ठेवून. घरच्या पातेल्यात तो एकटा नसतोच. तिथं पिढ्यान्‌पिढ्यांचे पन्नास प्रकारचे जिवाणू एकत्र नांदतात, एकाला कमी पडलं ते दुसरा पुरवतो. त्याला हवं असलेलं पोषकद्रव्य शेजारचा जिवाणू आयतं देत होता. उभा जन्म दही खाल्लेल्या सहा शास्त्रज्ञांच्या डोक्यात हे आलं नाही.

संचालक जयसिंग नलावडे माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना पट्टी दाखवली. ते वाईट माणूस नव्हेत. ते फक्त घाबरले.

"नमुना दूषित झाला असेल," ते म्हणाले. "आपल्या चाळीस घरांत हे मूल नाही. पुढच्या महिन्यात राखणदार सात जिल्ह्यांतल्या वसतिगृहांत जातोय. आधी खात्री करा. पुन्हा करा सगळं. तोवर बाहेर एक शब्द नको."

त्यांना वाटीची गोष्ट माहीत नव्हती. ती जगात फक्त मला माहीत होती. मी "बरं" म्हणाले आणि पुन्हा चाचणी लावली. मग तिसऱ्यांदा लावली. उपकरणं धुतली, नवी पट्टी घेतली, रकाने भरले. खात्री मला पहिल्या पट्टीतच झाली होती. तरी मी तीन वाजेपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि त्या चार तासांना मी शास्त्रीय काटेकोरपणा म्हणत होते. खरं तर माझी दातखीळ बसली होती. माझी नोकरी जाणार, नाव जाणार, पोलीस येणार, आणि पद्मजावहिनींच्या दारासमोरून मला रोज जावं लागणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तीन वाजता मी दवाखान्यात गेले आणि डॉ. मुजावरांना सगळं सांगितलं. वाटीसकट.

त्यांनी नर्सला हाक मारून अँटिबायोटिक बंद करायला सांगितलं. मग मला विचारलं, "तुम्हाला हे किती वाजता कळलं?"

"अकरा वाजता."

त्यांनी रेवाचा कागद उघडला. "दुसरा डोस दोन वाजता गेलाय," त्या म्हणाल्या. मग त्या डायलिसिसची तयारी बघायला गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पद्मजावहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर रेवाचा फ्रॉक घडी करून. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि बोलले. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे ते तू दिलेलं दही?"

"हो."

"मी रोज भरवलं तिला. साखर घालून. ती नको म्हणायची, तरी भरवलं." त्या फ्रॉककडं बघत होत्या. "पोटाला थंड असतं म्हणून."

"वहिनी, तुमची काही चूक नाही."

"चूक कुणाची ते मला कळतंय हेमा."

मी मान खाली घातली. पण विचारायचं होतं ते विचारायलाच हवं होतं. "वहिनी, एप्रिलपासून तुम्ही विरजण कुणाकुणाला दिलंत?"

त्या बोटांवर मोजू लागल्या. इमारतीतल्या सात घरी. भजनी मंडळातल्या बायकांना, नऊ की दहा. रेवाच्या बालवाडीच्या बाईंना. कामाला येणाऱ्या मंगलला, तिच्या वस्तीत पुढं तिनं दिलंच असणार. श्रावणात सत्यनारायणाला पंचामृताला दही लागलं, ते इथूनच गेलं. मिरजेच्या व्याह्यांकडं. मी लिहीत होते. एकतीस नावं झाली आणि बोटं थांबली नव्हती. प्रत्येक नावाच्या मागं आणखी एक पातेलं, त्या पातेल्यातून पुढं दहा वाट्या. लिहिता लिहिता मी थांबले. वहिनींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढची नावं स्वतः लिहिली. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला दुसऱ्या दिवशी निलंबित केलं. पण पट्ट्या वाचता येणारी माणसं कमी होती, म्हणून महापालिकेच्या पथकाबरोबर मला घरोघर पाठवलं. भोंग्यावरून घोषणा झाल्या होत्या: घरातलं दही, ताक, विरजण उकळून टाकून द्या, भांडी उकळा, महिनाभर दही लावू नका. महिनाभर यासाठी की त्याच्यावर उतारा असा काही नाही. पोटात नवा गेला नाही की तीन आठवड्यांत तो आपोआप निघून जातो, एवढाच उपाय.

बायका दार उघडायच्या, आमच्यासमोर पातेलं गॅसवर ठेवून उकळायच्या, मोरीत ओतायच्या, चहा विचारायच्या. एकही घर अडलं नाही. मला वाटलं, सुटलो. गटारांतली यंत्रं आजवर फक्त रोगजंतू मोजायची, आता त्यांना राखणदारही मोजायला लावलं होतं; पंधरा दिवसांनी आलेख आला. राखणदार कमी झाला नव्हता. वाढला होता. सोळावं मूल दाखल झालं होतं, आणि चौथ्या आणि नवव्या मुलाला आम्ही घालवून बसलो होतो.

कळलं ते एका आजीबाईंच्या घरी. त्यांनी पातेलं ओतलं, पण त्यांचे डोळे सारखे देवघराकडे जात होते. मी उठून पाहिलं. देवांच्या मागं, झाकण घातलेल्या फुलपात्रात, चमचाभर दही.

"अहो आजी, हे काय?"

"विरजणापुरतं ठेवलंय," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "सगळं कसं टाकायचं? माझ्या सासूबाईंच्या हातचं आहे ते. महिन्यानं परत लावायला नको का?"

मग आम्ही पुन्हा फिरलो. फ्रिजरच्या बर्फामागं, पिठाच्या डब्यात, गॅलरीतल्या कुंडीमागं. प्रत्येकीनं सगळं टाकलं होतं आणि प्रत्येकीनं विरजणापुरतं ठेवलं होतं. लबाडी नव्हती ती. एवढंसं कुणाला काय करणार, असंच वाटत होतं प्रत्येकीला. मी कुठल्या तोंडानं रागावणार होते? मला रात्री झोप लागायची बंद झाली. रस्त्यानं जाताना खिडक्या दिसल्या की त्यामागची पातेली दिसायची.

रेवा वाचली. एकोणीस दिवस डायलिसिसवर होती, पाचव्या आठवड्यात घरी आली. डॉ. मुजावरांनी वहिनींना माझ्यादेखत सांगितलं होतं, "चाळीस टक्के मूत्रपिंडं उरलीत. तेवढ्यावर ती जगेल, मोठी होईल. पण हे दुसऱ्यांदा झालं तर काही उरणार नाही. बाहेरचा साधा जंतूसुद्धा पोटात गेला आणि तेव्हा आत राखणदार असला, तर मी काही करू शकणार नाही." मुलगा आणि सून रजा संपवून परत गेले, महिनाअखेर पोरीला घेऊन जाणार होते.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, पद्मजावहिनींनी माझं दार वाजवलं. दीड महिन्यानं. "रेवा विचारते तुला. ये," एवढंच म्हणाल्या. मी हातातलं काम टाकून गेले. पट्ट्यांची पिशवी खांद्यालाच होती, हल्ली ती माझ्या अंगावेगळी होत नसे.

रेवा पाटावर बसून जेवत होती. केस कापले होते, मनगटं काडीसारखी झाली होती. मला बघून हसली. "लॅबमावशी, मी आज सगळं संपवणार आहे," ती म्हणाली. मग ताटलीकडं लक्ष गेलं. दहीभात होता.

"वहिनी, दही?"

"घाबरू नकोस," वहिनी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जुनी ऊब होती. "सांगलीतला थेंब नाही त्यात. माझं सगळं तुझ्या माणसांसमोर टाकलं, विरजणापुरतंसुद्धा ठेवलं नाही. पातेलीसुद्धा नवी आहेत. पण पोरीला दुसरं काही उतरतच नव्हतं गं. म्हणून परवा आजऱ्याच्या माझ्या बहिणीकडून मागवलं, प्रमिलाकडून. इथून शंभर किलोमीटर आहे. आमच्या आईच्या वेळचं विरजण ते."

"मी एकदा बघू?"

"बघ की. तुझी खात्री होऊ दे."

ताटलीच्या कडेचं थेंबभर दही मी पट्टीवर घेतलं आणि फोन वर धरला. चार मिनिटं आम्ही दोघी रेवाचं जेवण बघत होतो. तिनं लोणच्याची फोड बाजूला काढली, वहिनींनी तिचं तोंड पुसलं. फोन वाजला. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. 

वहिनी माझा चेहरा बघत होत्या. "काय गं?"

"प्रमिलाताईंचं विरजण खरंच आईच्या वेळचं आहे ना? मधे कधी नासलं नव्हतं ना त्यांचं?"

"छे. तिचं कशाला नासेल," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्यावरून भिंतीवर गेली. मग त्या हळूच खाली, रेवाच्या शेजारी बसल्या.

"गणपतीत आली होती ती," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तिचं बिघडलं होतं. जाताना माझ्याकडूनच नेलं."

रेवानं चाटून लख्ख केलेली ताटली आजीपुढं धरली आणि आणखी भात मागितला.